थिबा राजा: राज्य पंधरा दिवसांत गेलं, राजेपण काढून घ्यायला तीस वर्षं लागली

रत्नागिरीत रिक्षात बसून नुसतं 'थिबा' म्हटलं तरी पुरतं, पुढे काही सांगावं लागत नाही. रिक्षा टेकडीवरच्या जांभ्या दगडाच्या तीन मजली वाड्यापाशी थांबते. उतरतं छप्पर, लाकडी खिडक्यांवर अर्धगोल कमानी, कमानींत रंगीत काचा. उन्हं कलली की त्या काचांचे रंग फरशीवर सांडतात. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. आता इथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. शाळांच्या सहली येतात, कुणीतरी मुलांना सांगतं, "हा ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवला," आणि सहल पुढच्या ठिकाणाला निघते.

खरी गोष्ट त्या 'आणून ठेवला'मध्येच अडकून राहते. राजाला आणून ठेवतात म्हणजे काय करतात? ज्याच्या समोर माणसं गुडघ्यांवर रांगत येत होती, त्याला खर्चायला मिळणारा पैसा कुणा अधिकाऱ्याच्या सहीने मिळू लागतो, हे घडतं कसं? राज्य गेलं की राजेपण आपोआप जातं अशी आपली समजूत असते. थिबाच्या बाबतीत राज्य गेलं पंधरा दिवसांत. राजेपण काढून घेण्याचं काम मात्र पुढे एकतीस वर्षं चाललं होतं, आणि ते पूर्ण झालं असं मला आजही म्हणवत नाही.

थिबाचा जन्म १८५९ चा. ब्रह्मदेशावर कोनबाउंग घराण्याचं राज्य होतं. अलौंगपया नावाच्या माणसाने १७५२ साली ते उभं केलं. एका काळी या घराण्याचा दरारा आसाम-मणिपूरपासून सयामपर्यंत होता. मग इंग्रजांशी दोन युद्धं झाली. १८२६ च्या तहात आराकान आणि तेनासरीम हे किनाऱ्याचे प्रांत गेले, १८५२ मध्ये रंगूनसकट सगळा खालचा ब्रह्मदेश गेला. म्हणजे समुद्र गेला. उरलेलं राज्य चारी बाजूंनी जमिनीने वेढलेलं, आणि बाहेर पडायची वाट एकच, इरावती नदी. त्या नदीच्या तोंडाशी इंग्रज बसलेले.

थिबाचे वडील मिंडोन शहाणे होते. त्यांनी १८५७ मध्ये मंडाले वसवलं, वकील, म्हणजे राजदूत, युरोपात पाठवले, थिबासकट काही राजपुत्रांना इंग्रज मिशनऱ्याच्या शाळेतही घातलं. थिबाला खरा ओढा धर्मग्रंथांचा होता. तो मठात राहिला, पाली शिकला, धर्माची कठीण परीक्षा उतरला. १ ऑक्टोबर १८७८ ला मिंडोन गेले आणि दरबारातल्या मोठ्या राणीने या एकोणीस वर्षांच्या मुलाला गादीवर बसवलं. तिची मुलगी सुपयालात ही थिबाची राणी. मुलगा शांत आहे, पुस्तकात रमणारा आहे, आपल्या ऐकण्यात राहील, असा हिशेब होता.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. फेब्रुवारी १८७९ मध्ये मंडालेच्या राजवाड्यात थिबाच्या भाऊबंदांची कत्तल झाली. गादीवर हक्क सांगू शकतील असे राजपुत्र, त्यांची माणसं, बायका, मुलं, ऐंशीच्या आसपास लोक मारले गेले. योजना कुणाची यावर बोलता येईल, सासूचं आणि मंत्र्यांचं नाव घेता येईल. पण ते झालं थिबाच्या नावाने आणि त्याने ते थांबवलं नाही. पुढे त्याच्या वाट्याला जे आलं त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून ही कत्तल छोटी होत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांनी मात्र ती उचलली आणि तिच्यावर दारुडा, माथेफिरू राजा असं चित्र रंगवलं. कत्तल खरी होती, दारुडेपणाला काही आधार नव्हता. पण ज्याचं राज्य घ्यायचं असतं त्याचं नाव आधी खराब करावं लागतं.

जोडे काढायचे की नाही

आता ज्याला इंग्रज कागदपत्रं 'जोड्यांचा प्रश्न' म्हणत, तो समजून घेऊ. ऐकायला क्षुल्लक वाटतो. सगळ्या भांडणाची मेख त्यातच होती.

ब्रह्मदेशात घरात, देवळात, वडीलधाऱ्यांसमोर जोडे काढतात. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, आपल्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग असतोच. राजासमोर तर जोडे काढून जमिनीवरच बसायचं. परदेशी वकीलही तसंच बसत, इंग्रजही बसत. १८७५ च्या सुमारास इंग्रज सरकारने ठरवलं की यापुढे आपला वकील जोडे काढणार नाही. मिंडोनने सांगितलं, मग भेट नाही. झालं. दोन राज्यांमधलं समोरासमोरचं बोलणं त्या दिवशी बंद पडलं. वकील मंडालेत राहत होता, पण राजाला भेटत नव्हता. १८७९ मध्ये तोही निघून गेला.

'एवढ्याशा गोष्टीसाठी?' असं वाटणं साहजिक आहे. पण राजाच्या बाजूने बघा. मंडालेचा राजवाडा ही नुसती राहायची जागा नव्हती. मेरू पर्वत जसा विश्वाच्या मध्यभागी, तसा राजवाडा राज्याच्या मध्यभागी, अशी त्याची आखणी होती. डोक्यावर पांढरं छत्र. आपण 'छत्रपती' म्हणतो त्यातलंच छत्र, अर्थही तोच. गावचा मुखिया, मठाचा प्रमुख, महसूल गोळा करणारा, यांचा अधिकार त्या छत्राखालून निघायचा. असा माणूस परक्याच्या जोड्यांपुढे गप्प बसला तर ते सगळं दरबार बघणार. आणि सत्ता म्हणजे शेवटी काय असते? समोरचे लोक काय धरून चालतात, तेच. थिबाचा ताठा नुसता स्वभावाचा नव्हता. खजिना रिकामा, फौज जुनी, समुद्र हातचा गेलेला. त्याच्याकडे राज्य टिकवायला उरलेल्या थोड्या गोष्टींपैकी तो ताठा एक होता.

इंग्रजांनाही हे पक्कं कळत होतं. जोडे घालून आत जायचा हट्ट त्यांनी उगाच धरला नव्हता.

सागवानाचा दंड

ठिणगी पडली लाकडावरून. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी वरच्या ब्रह्मदेशातल्या जंगलांत सागवान तोडायची. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले आणि राजाचा हिस्सा बुडवला, असा आरोप झाला. राजाच्या मंत्रिमंडळाने, ह्लुटडॉने, ऑगस्ट १८८५ मध्ये कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. त्याच सुमारास फ्रेंचांशी करार झाला होता, त्यांचा वकील मंडालेत येऊन बसला होता. फ्रेंच तेव्हा व्हिएतनाममध्ये पाय रोवत होते. इंग्रजांना लाकडापेक्षा याची धास्ती जास्त होती.

२२ ऑक्टोबरला निर्वाणीचा खलिता निघाला. कंपनीवरची कारवाई थांबवा, आमचा कायमचा वकील फौजेसकट मंडालेत ठेवा, तो जोडे न काढता राजाला भेटेल, आणि यापुढे परराष्ट्रांशी तुमचे संबंध आमच्या सल्ल्याने चालतील. यातली शेवटची अट मान्य केली असती तर थिबा नावापुरता राजा उरला असता, आपल्याकडच्या संस्थानिकांसारखा. किनवुन मिंजी हा म्हातारा मंत्री युरोप पाहून आलेला होता, त्याला लढाईचा शेवट दिसत होता. दुसरा गट लढायचं म्हणत होता. थिबाने लढायचं ठरवलं आणि प्रजेला उद्देशून जाहीरनामा काढला.

युद्धाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १४ नोव्हेंबरला इंग्रजांच्या आगबोटी इरावतीतून वर निघाल्या. जनरल प्रेंडरगास्टच्या हाताखाली दहा हजारांच्या आसपास फौज होती, आणि त्यातले बरेच शिपाई हिंदी होते. १७ तारखेला मिन्हलाचा किल्ला पडला. २७ ला दरबाराकडून शस्त्रं खाली ठेवायचा निरोप आला. २८ ला फौज मंडालेत होती. ज्या नदीवर राज्य वसलं होतं, तीच नदी शत्रूची सडक झाली.

२९ नोव्हेंबर १८८५

या एका दिवसापाशी थोडं थांबायला हवं.

कर्नल स्लेडन आदल्या दिवशी एकटाच राजवाड्यात गेला. वीसेक वर्षांपूर्वी तो मंडालेत इंग्रजांचा वकील होता, ब्रह्मी बोलायचा, दरबार त्याच्या ओळखीचा होता. राजवाड्यातल्या बायकांना ये-जा करायला मोकळीक दिली गेली. रात्रभर त्यांतून किती सोनंनाणं, जडजवाहीर बाहेर गेलं याची मोजदाद नाही. दासी राजाला सोडून जाऊ लागल्या. काल जिथे शेकडो माणसं होती तिथे सकाळी मोजकी उरली.

दुसऱ्या दिवशी प्रेंडरगास्ट आला. थिबा सिंहासनावर नव्हता. राजवाड्याच्या बागेतल्या एका छोट्या मंडपात तो राणी आणि सासूसह बसला होता. निघायला त्याने दोनेक दिवस मागितले. मिळाले नाहीत. वय सव्वीस. सुपयालात गरोदर होती. दोन लहान मुली होत्या.

बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. राजासाठी हत्ती नाही, पालखी नाही, साध्या बैलगाड्या. मंडालेच्या रस्त्यांवर लोक जमले. ज्या राजाचं तोंडही बहुतेकांनी कधी पाहिलं नव्हतं, तो गाडीतून, दोन्ही बाजूंना गोऱ्या शिपायांच्या रांगा घेऊन चालला होता. लोक रस्त्यावर गुडघे टेकत होते, रडत होते. नदीवर पोचेपर्यंत अंधार पडू लागला. आगबोटीचं नाव थूरिया. ब्रह्मी भाषेत थूरिया म्हणजे आपला 'सूर्य', शब्दही तोच, पालीवाटे गेलेला. एका फळीवरून चालत तो बोटीवर चढला. पुन्हा मंडाले त्याला दिसलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत राजाचा पांढरा हत्तीही मेला. मग १ जानेवारी १८८६ ला व्हाइसरॉय डफरिनने जाहीर केलं की वरचा ब्रह्मदेश आता इंग्लंडच्या राणीच्या राज्यात सामील झाला. राजवाड्याला फोर्ट डफरिन नाव मिळालं. दालनांत इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब उघडला, एका दालनात चर्च भरू लागलं. राजा गेला म्हणजे देश शांत होईल असा अंदाज होता. झालं उलटंच. गावोगाव बंडं उठली, ती मोडायला अनेक वर्षं गेली, आणि तीस हजारांहून जास्त फौज आणि पोलीस लागले. कारण मधोमध खोचलेला खांब काढला होता, आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या सुटून गेल्या होत्या.

रत्नागिरीच का

पराभूत राजाला मारायचं नाही, लांब न्यायचं, ही इंग्रजांची जुनी रीत. मारलं तर तो हुतात्मा होतो, जवळ ठेवला तर लोक त्याच्याभोवती जमतात. म्हणून उचलून अशा मुलखात ठेवायचा जिथे त्याची भाषा कुणाला येत नाही आणि त्याच्या नावाला कुणी हात जोडत नाही. आपल्याला हे नवीन नाही. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला धाडलं, वर्षाला ८ लाखांची नेमणूक, म्हणजे तनखा, देऊन. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला नेलं, आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते वर्षानुवर्षं लंडनमध्ये उंबरे झिजवत राहिले. १८५८ मध्ये दिल्लीच्या बहादूरशाह जफरला रंगूनला नेलं. १८६२ मध्ये तो तिथेच गेला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. नकाशावर या दोन रेघा एकमेकींना छेद देतात.

तिसरी रेघ आपल्या फार जवळची आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. १९०८ पासून १९१४ पर्यंत ते मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे ती सहा वर्षं रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत. दोघांना ठेवणारं सरकार एकच. मंडालेचं शाही नाव 'यदनबोन' असं होतं, आणि त्यातलं 'यदना' म्हणजे आपलं 'रत्न'. रत्नांच्या नगरीतून रत्नांच्या गिरीवर. मला हे वाचून काही क्षण पुढे वाचता आलं नव्हतं.

थिबाला आधी मद्रासला ठेवलं. तिथे तिसरी मुलगी झाली. एप्रिल १८८६ मध्ये बोटीने रत्नागिरीला आणलं. रत्नागिरी निवडायचं कारण भूगोलात आहे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. आगगाडी नाही, कोकण रेल्वे यायला पुढची शंभराहून जास्त वर्षं जायची होती. मुंबईहून येणारी बोट हीच मुख्य वाट, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही बंद. कोकणात राहिलेल्या कुणालाही विचारा, जून ते सप्टेंबर जगाशी संबंध कसा तुटायचा ते सांगेल. भिंत न बांधता सरकारला तुरुंग मिळाला होता. (पुढे सावरकरांनाही याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं, त्यात आश्चर्य नाही.)

राजेपण कसं काढून घेतात

हा भाग सगळ्यात कमी सांगितला जातो, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. थिबाला रत्नागिरीत कुणी मारहाण केली नाही, उपाशी ठेवलं नाही. बंगले दिले, नोकरचाकर राहू दिले. जे काढून घेतलं ते फार बारीक होतं.

पहिलं, नाव. सरकारी कागदांत तो 'माजी राजा' झाला. त्याच्या लेखी तो राजाच होता. राज्याभिषेक झालेला राजा 'माजी' कसा होईल? ब्रह्मी समजुतीत ती काही नोकरी नव्हती, की सुटली आणि संपली.

दुसरं, पैसा. नेमणूक ठरली, पण बाजीरावाला मिळायचं त्याच्या जवळपासही नाही. राजवाड्यात वाढलेल्या माणसाला पैसा हातात धरून मोजायची सवय नसते. राजाचं कामच दान देणं, बक्षिसं देणं. थिबा रत्नागिरीतही देत राहिला. पैसे संपले की मंडालेहून सोबत आणलेली माणकं विकली जात. व्यापाऱ्यांना कळत होतं की घेणाऱ्याला घाई नाही आणि विकणाऱ्याला आहे, त्यामुळे भाव पडूनच मिळायचा. कर्ज वाढलं. मग सरकारने खर्चावर देखरेख ठेवायला सुरुवात केली. कुणाला किती पगार, स्वयंपाकघरात किती लागतं, याचा हिशेब अधिकाऱ्यापुढे जाऊ लागला. एखाद्या घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातून किल्ल्या काढून घेतल्या की त्याचं काय होतं, हे आपण आपल्या आसपास पाहिलेलं असतं. इथे तो कर्ता पुरुष एका देशाचा राजा होता.

तिसरं, परवानगी. दाराशी पहारा. कुणाला भेटायचं, कुठे जायचं, सगळं कुणाला तरी विचारून. ब्रह्मदेशातून येणारी पत्रं तपासली जात. आणि अर्जांचं तर काय सांगावं. ज्याच्यापुढे लोक अर्ज घेऊन यायचे तो स्वतः अर्ज करू लागला. व्हाइसरॉयला अर्ज, पुन्हा अर्ज. उत्तर यायला महिने लागत आणि बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असायचं. ब्रह्मदेशात परत जाऊ द्या, या मागणीला तर कायमच नकार. तिकडे बंड उठेल ही भीती सरकारच्या मनातून कधी गेली नाही.

त्या अर्जांत एक माणिक वारंवार येतं. न्गा मौक. ब्रह्मी राजांचं सगळ्यात प्रसिद्ध रत्न. थिबाचं म्हणणं होतं की त्या शेवटच्या दिवशी जपून ठेवायला म्हणून ते स्लेडनच्या हाती गेलं आणि पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. स्लेडन १८९० मध्ये वारला. थिबा तरी विचारत राहिला, माझं माणिक कुठे आहे. आपल्याकडे अशा माणसाला म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ही म्हण आपण हिणवायला वापरतो. मला त्या अर्जांमधला पीळ हिणवावासा वाटत नाही. माणकाची किंमत हा मुद्दा असेलही, पण प्रत्येक अर्जात तो हेही लिहीत होता की हे माझं होतं, तुम्ही घेतलंत, आणि मला ते आठवतं. सरकारी फायलीत ते नोंदलं जावं एवढी सत्ता त्याच्या हातात अजून उरली होती, आणि ती त्याने शेवटपर्यंत वापरली.

घरात मात्र दरबार चालूच होता. नोकर अजूनही गुडघ्यांवर बसून, हात जोडून समोर येत. सुपयालातने त्यात कधी ढील दिली नाही. तिचा मान नवऱ्यापेक्षाही कडक होता. बाहेर नारळाची झाडं आणि कोकणचा पाऊस, आत मंडाले. चोवीस वर्षं हे भाड्याच्या बंगल्यांत चाललं. आज आपण बघतो तो वाडा बांधून झाला १९१० मध्ये, म्हणजे थिबा रत्नागिरीत चोवीस वर्षं काढून झाल्यावर. तो त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला.

चौथी गोष्ट मुलींची. ती सांगताना मन जड होतं. चौथी मुलगी रत्नागिरीतच जन्मली. ब्रह्मी राजघराण्यात लग्नं आपसांत व्हायची, रक्त शुद्ध राहावं म्हणून. आता राजघराणंच विखुरलेलं. रत्नागिरीत जावई कुठून आणायचा? मुली वाढत गेल्या, वयं उलटून चालली. थोरल्या राजकन्येचा बंगल्यावर कामाला असलेल्या एका स्थानिक माणसाशी संबंध जुळला, आणि १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली, टूटू. कोनबाउंग घराण्याची नात. ती मराठी बोलत वाढली, रत्नागिरीत संसार केला, गरिबीत दिवस काढले, आणि तिथेच म्हातारी झाली. तिला पाहिलेले लोक सांगतात की बाई अगदी आपल्यातलीच होती. अभिमानाने सांगतात. मला त्यात अभिमान वाटतो तसं काहीतरी तुटल्यासारखंही वाटतं, आणि या दोन्हींपैकी एक निवडावं असं मला वाटत नाही.

शेवट, आणि नंतर

थिबा डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीत वारला. वय सत्तावन्न. आयुष्यातली सात वर्षं तो राजा होता, एकतीस वर्षं कैदी.

सुपयालातला त्याचा देह मंडालेला न्यायचा होता. सरकारने परवानगी दिली नाही. तिनेही देह इथे पुरायला नकार दिला. दोन वर्षांहून जास्त काळ शवपेटी वाड्याच्या आवारातच राहिली. शेवटी १९१९ मध्ये सरकारनेच रत्नागिरीत समाधी बांधून तिथे ठेवली, १९१२ मध्ये इथेच वारलेल्या त्याच्या दुसऱ्या, धाकट्या राणीसह. जिवंतपणी परत जाऊ दिलं नाही ते बंडाच्या भीतीने, मेल्यावरही त्याच भीतीने. जो माणूस तीस वर्षांत पूर्ण खचलेला आहे असं सरकारचेच अहवाल सांगत होते, त्याच्या हाडांची एवढी धास्ती वाटत होती.

त्याच वर्षी राणी आणि मुली ब्रह्मदेशात परतल्या. मंडालेला राहायची मुभा राणीला मिळाली नाही. ती रंगूनमध्ये राहिली, १९२५ मध्ये वारली, आणि श्वेडगॉन पॅगोडाच्या जवळ तिची समाधी आहे. थोरली राजकन्या टूटूला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथेच गेली.

मंडालेचा सागवानी राजवाडा मार्च १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धुमाळीत जळून गेला. त्यातलं सिंहासन तेवढं वाचलं, कारण इंग्रजांनी ते आधीच उचलून कलकत्त्याच्या संग्रहालयात आणून ठेवलं होतं. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये ते परत गेलं. राजचिन्हं लंडनहून १९६४ मध्ये परत मिळाली. न्गा मौक कुठे आहे ते कळलेलं नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि थिबाच्या समाधीपुढे उभे राहिले. राजा गेल्यावर त्याच्या देशाचा प्रमुख तिथे येईपर्यंत शहाण्णव वर्षं गेली होती. राणीची समाधी रंगूनला, राजाची कोकणात. दोघांना एकत्र आणावं का, यावर तिकडे अधूनमधून बोललं जातं. समाधी साधी आहे, जांभ्याचीच. रत्नागिरीला गेलात तर वाडा बघून तसेच पुढे जाऊ नका, तीही बघा. आणि वर चढताना चपला खाली काढून ठेवा.